काळ्या रंगावर कोरडा मुकटा

ओला केल्याशिवाय हात लावायचा नाही. ताईच्या सासरी नियमांची वाण नव्हती, पण त्या सगळ्यांत मला पटलेला नियम हा एकच. बाकीचे माणसांसाठी होते, हा मोटारीसाठी होता.

मोटार काळी. दांडिया बाजारातल्या त्यांच्या घराच्या मागच्या अंगणात, पूर्वी जिथे बग्गीचा घोडा बांधत, तिथे ती उभी असायची. ताईचे सासरे निवृत्त सुभे. एके काळी अख्खा प्रांत सांभाळलेला माणूस, आता सांभाळायला एक मोटार उरलेली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिचा जुना रंग पापुद्रे धरून निघायला लागला, म्हणून त्यांनी बग्ग्या रंगवणाऱ्या एका कारागिराकडून ती नव्याने काळी करून घेतली. त्याने थरावर थर दिले, वर रोगण चढवलं, आणि मग पावसाळा लागला. रोगण वरवर वाळलं, आतून कच्चं राहिलं. इतकं मऊ की नख टेकलं तर चंद्रकोर उमटावी. "दिवाळीपर्यंत जपा," असं सांगून रंगारी गेला, आणि घरात तान्हं मूल आल्यासारखं झालं. शेजारच्या मांजराला अंगणबंदी झाली. पुढचं दार उघडं राहिलं की रस्त्यावरची धूळ बोळातून थेट अंगणात येई, म्हणून "दार ओढून घ्या" ही त्या घरातली आरती झाली.

काळ्या रंगाचं एक वाईट असतं. दुसरे रंग थोडंफार पोटात घालतात. काळा काही म्हणजे काही पोटात घालत नाही. सावलीत तो आरसा असतो आणि उन्हात चहाडखोर. तुम्ही त्याच्याशी कसे वागलात ते तो भर दुपारी चारचौघांत सांगतो.

माझी ताई त्या घरातली एकुलती एक सून. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाच मेहुणे विषमज्वराने गेले. तिच्या सासऱ्यांनी न्हाव्याला दारातून परत पाठवलं, तिचे केस राहिले, आणि ही त्यांची थोरवी म्हणून गावभर सांगितली गेली. एका माणसाचे केस त्याच्याच डोक्यावर राहू देण्यात थोरवी ती कसली, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. बाकी सगळं रीतीप्रमाणे गेलंच. बांगड्या गेल्या, कुंकू गेलं, पुढच्या दाराने बाहेर पडणं गेलं. उरलं मागचं अंगण, आणि अंगणात मोटार.

मोटारीला ड्रायव्हर होता, छाणी गावचा. माणूस चांगला, पण हात वाईट. खांद्यावरच्या कोरड्या फडक्याने गोल गोल पुसायचा आणि वर "चालशे, चालशे" म्हणायचा. ताईला ते बघवेना. तो यायच्या आधी, घर उठायच्या आधी, ती स्वतः मोटार धुवायला लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणाला कळलंय असं तिला वाटतही नव्हतं.

मी रावपुऱ्यात एका शिळाछाप छापखान्यात काम करत होतो. दगडावर मजकूर उतरवायचा, शाई फिरवायची, कागद दाबायचा. दिवसा मालकासाठी लग्नपत्रिका आणि औषधांच्या जाहिराती, उरलेल्या वेळात आमची पत्रकं. हुंडा, बालविवाह, विधवांचं शिक्षण. मांडवीपाशी उभे राहून आम्ही ती वाटत असू. लोक घेत, आणि त्यात चणे बांधून नेत. म्हणजे वाचत तरी असतील, चणे संपल्यावर.

एकदा सकाळी लवकर गेलो तर ताई पदर खोचून मोटारीवर पाणी सोडत होती. मी मदत म्हणून खुंटीवरचं फडकं ओढलं आणि मडगार्डवरची धूळ झटकायला गेलो. तिने माझ्या हातावर चापट मारली.

"मेल्या, कोरडं?"

"धूळच तर आहे."

"धूळ म्हणजे काय रे? बारीक दगड. तू फडकं नाही फिरवत आहेस, कानस फिरवतो आहेस."

मग तिने मला दाखवलं. आधी नुसतं पाणी, वरून खाली, भरपूर, हात न लावता. धुळीला भिजू द्यायचं, तिची तिला सुटू द्यायची. मग रिठ्याचं पाणी, शालू धुवायला करतात तसं, भरपूर फेसाचं, म्हणजे फडकं रंगावर घासत नाही, घसरतं. फडकं आईच्या जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन साय झालेलं, काठ फाडून टाकलेला. दोन बादल्या. एकीत रिठ्याचं पाणी, दुसरीत साधं. प्रत्येक हातानंतर फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, खडे तळाला बसू द्यायचे, मगच परत रिठ्यात बुडवायचं. आणि हात सरळ, मोटारीच्या लांबीने, टोकापासून टोकापर्यंत. गोल नाही. चाकांचं फडकं वेगळं, सगळ्यात शेवटी, आणि ते या बादलीला शिवायचंसुद्धा नाही.

"सोवळं आहे म्हणायचं हे," मी म्हणालो.

"या सोवळ्याला कारण आहे," ती म्हणाली. "त्या सोवळ्याचं तू मला काय विचारतोस?"

वाळवायची तीही सावलीत आणि टिपून. मोटारीसाठी मुंबईहून आणलेलं मऊ कातडं खुंटीवर होतं. ते ओलं करून पिळायचं, अलगद अंथरायचं, उचलायचं. जखम टिपावी तसं. मी म्हटलं, "तुला मजा येते यात." तिने कातडं परत पिळलं. मग म्हणाली, "या घरात मी हात लावलेली आणि चांगली झालेली ही एकच वस्तू आहे."

तिला शिक्षिका व्हायचं होतं. मुलींच्या शाळांना शिकवणाऱ्या बायका हव्या होत्या, ट्रेनिंग कॉलेज गावातच होतं, ती परीक्षा देऊन बसली होती. दुपारी गल्लीतल्या मुलींना ती अंगणात पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवी, खडूने भिंतीवर लिहून दाखवी. अडलं होतं ते सासऱ्यांच्या एका शब्दावर. ते 'नाही' म्हणाले नव्हते, 'हो' म्हणाले नव्हते. म्हणाले होते, "दसऱ्याला सांगतो." त्या घरात मोठ्या गोष्टी दसऱ्याला ठरत. दिवाळीनंतर नवा वर्ग सुरू व्हायचा होता. म्हणजे त्या वर्षीच्या दसऱ्यावर माझ्या बहिणीचा सगळा पुढचा जन्म टांगलेला होता.

आणि मधल्या काळात मी एक पत्रक काढलं. त्यात एक वाक्य असं होतं: 'ज्या घरात मोटारीला रोज तेल चोळतात आणि तिच्यावर ओरखडा उमटला तर अन्नपाणी टाकतात, त्या घरातल्या मुलीच्या मनावर पडलेले ओरखडे कोणाला दिसत नाहीत.' कोणाचंही नाव नव्हतं. पण दांडिया बाजारात काळ्या मोटारी काही रांगेने उभ्या नव्हत्या. काकांनी ते वाचलं. मी ताईच्या सासऱ्यांना काका म्हणतो. तेव्हापासून ते मला 'पत्रकवाले' म्हणायला लागले.

ताईने मला अंगणात गाठलं. "वाक्य चांगलं आहे," ती दातओठ खात म्हणाली. "पण त्यापायी माझं वर्ष गेलं, तर ते वाक्य मी तुझ्या कपाळावर गोंदवीन."

दसऱ्याच्या सकाळी म्हणूनच मी तोंडाला कुलूप घालून गेलो होतो. आईने नैवेद्याचा डबा दिला होता, आणि ताईची सक्त ताकीद होती: ये, बस, जेव, बोलू नकोस.

काका पायी देवीला गेले होते. पूजा झाल्याशिवाय मोटार हलवायची नाही, म्हणून पायी. दुपारी सरकारची, म्हणजे महाराजांची, स्वारी निघायची, हत्ती, घोडे, तोफा, आणि काकांना पूजलेली मोटार घेऊन तिथे जायचं होतं. ड्रायव्हर सणाला छाणीला गेलेला, तो जेवणवेळेपर्यंत येणार होता. पहाटे ताईने मोटार नेहमीसारखी धुऊन ठेवली होती. पण दसऱ्याचा दिवस, गल्लीत सकाळपासून झाडलोट, आणि पुढचं दार फुलं, आपट्याची पानं, दूध, माणसं यांच्यासाठी सताड उघडं. बॉनेटवर परत एक धुळीची साय धरली.

मी अंगणात गेलो तेव्हा ताईच्या सासूबाई सोवळ्यात मोटारीपाशी उभ्या होत्या. त्यांना मी काकू म्हणतो. हातात त्यांच्या देवघरातला मुकट्याचा तुकडा होता. पूजेला नेसायचं जुनं रेशमी वस्त्र फाटलं की त्याच्या तुकड्याने त्या घरात देव पुसत. वर्षानुवर्षं चांदीचे देव पुसून तो तुकडा लोण्यासारखा झालेला. खुंटीवरच्या कातड्याला सणाच्या दिवशी त्या हात लावणं शक्य नव्हतं. लुगड्याचं ओलं फडकं ओवळ्यात होतं. मोटारीची आज पूजा, म्हणजे आज ती देव, आणि देव ज्याने पुसतात त्याहून मऊ, त्याहून शुद्ध वस्त्र घरात कुठलं? तर काकू त्या कोरड्या मुकट्याने बॉनेट पुसत होत्या. मनापासून, जोर लावून, गोल गोल.

माझं कुलूप तिथेच तुटलं. "काकू, अहो थांबा! कोरडं!"

"रेशीम आहे ते," काकू मागे न बघता म्हणाल्या. "तुझ्या छापखान्यातल्या चिंध्या नव्हेत."

तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून उन्हाची पहिली पट्टी अंगणात उतरली आणि बॉनेटच्या कडेला लागली. त्या पट्टीत काळा रंग काळा राहिलाच नव्हता. कोळ्याने रात्रभर बसून विणावं तसं जाळं, वर्तुळात वर्तुळ, पांढुरकं. काकूंचा हात थांबला. त्यांनी मुकटा उलटून पाहिला, परत बॉनेट पाहिलं. मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या ताईकडे त्यांची नजर गेली आणि तोंडातून निघालं ते सवयीने निघालं.

"तू हात लावलास का गं हिला? आज? सणाच्या दिवशी?"

बघा म्हणजे झालं. फडकं स्वतःच्या हातात, ओरखडे समोर, आणि तरी त्या घरात काही बिघडलं की पहिला प्रश्न हाच. विधवेचा हात लागला का? मी तोंड उघडलं. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. ती शांतपणे म्हणाली, "पहाटे लावला होता, सासूबाई. रोज लावते. तेव्हा हे नव्हतं."

काकू अंगणातल्या पायरीवर बसल्या. बराच वेळ त्या मुकट्याची घडी घालत आणि मोडत राहिल्या. "रेशमाने असं कसं झालं गं?" त्या म्हणाल्या. आवाजात दरारा नव्हता. "देवाला कधी एक रेघ उठली नाही."

"देव्हाऱ्यात रस्त्याची धूळ येत नाही, सासूबाई. रेशमाने काही नाही केलं, त्याखालच्या धुळीने केलं."

"तिकडून बघितलं म्हणजे?" तिकडून म्हणजे काका. काकूंनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. "आज तुझं काय ते ठरवायचंय आणि मी हे करून बसले."

मला आश्चर्य वाटलं ते याचं. मी समजत होतो की ताई कॉलेजात जाऊ नये म्हणून काकू देव पाण्यात घालून बसल्या असतील. काकूंचं म्हणणं काय आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं. ताईनेही नसावं. कारण तिनेही चमकून वर पाहिलं.

पण गोष्टी बोलायला वेळ नव्हता. ऊन बोटभर बोटभर पुढे सरकत होतं. ते पूर्ण बॉनेटवर येईल तेव्हा काका दारात असतील.

ताईने पदर खोचला. आधी पाणी. मग रिठे, मग साधं पाणी, मग टिपणं. उरलेली धूळ घेऊन दुरुस्तीला लागलो असतो तर ओरखड्यावर ओरखडे. मग तिने करंगळीचं पेर ओरखड्यांवरून आडवं फिरवलं, डोळे मिटून. मी आणि काकू तिच्यामागे वाकून.

"पेराला लागत नाहीत," ती म्हणाली. "वरच्या वर आहेत. रोगण गुळगुळीत केलं तर जातील. रंगारी शेवटी काहीतरी पांढरं तळहाताने चोळत होता, मी खिडकीतून बघितलं होतं."

काकू लगबगीने आत गेल्या आणि रांगोळीची वाटी घेऊन आल्या. "चांदी हिनेच उजळते."

ताईने चिमूट बोटांत चोळून कानापाशी नेली. "कुरकुरते. नको." मग भिंतीकडे बघितलं, जिथे कालच्या धड्यातला 'ग' अजून पुसायचा राहिला होता. "खडू!"

इथे माझ्या धंद्याचा उपयोग झाला. छापखान्यात जुना मजकूर काढून टाकायला दगड घासावा लागतो, आणि घासायच्या बारीक पुडीत एक जाड कण राहिला तर पुढच्या प्रत्येक कागदावर त्याची रेघ छापून येते. तो कण चाळणीला सापडत नाही, पाण्याला सापडतो. मी खडू कुटले, पातेल्यात पाण्यात ढवळले. जाड कण लगेच तळाला जातात. वरचं दुधासारखं पाणी अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतायचं, आणि मग त्यातला बारीक गाळ बसायची वाट बघायची. वाट बघणं सगळ्यात अवघड. काकू सारख्या वाकून बघत. "दूध नासलं का रे?" "काकू, ते दूध नाही, आणि तुमचा पदर पातेल्यात जातोय."

शेवटी तळाशी लोण्याइतका मऊ गाळ जमला. त्यात तिळाच्या तेलाचे चार थेंब. आता हा तळहातानेच चोळायचा, कापडाचा भरवसा नाही. मी बाह्या सरसावल्या तर ताईने माझा पंजा उलटा करून बघितला.

"हे काय, घोरपड आहे का? छापखान्याचे हात. हो बाजूला."

"मग मी करते," काकू उठल्या आणि स्वतःच थांबल्या. दोन्ही हातांत बांगड्या, पाटल्या, बोटांत अंगठी. सवाष्णीने सणाच्या दिवशी बांगड्या काढायच्या कशा? आणि घालून चोळायचं कसं?

ताईने आपले दोन्ही हात पुढे केले. "माझ्या हातात काही नाही, सासूबाई," ती म्हणाली. "म्हणून जमेल."

मी पुष्कळ पत्रकं लिहिली. त्या वाक्याच्या जवळपास जाणारं एकही वाक्य मला अजून लिहिता आलेलं नाही. तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, नुसती सोय सांगितली होती. काकूंनी त्या हातांकडे बघितलं. पूजेआधी, दसऱ्याला, पूजेच्या वस्तूवर विधवेचे हात. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "कर. लवकर कर."

ताई करत राहिली. तळहाताच्या मऊ भागाने, अंगठ्याच्या मुळापाशी असतो त्याने, मोटारीच्या लांबीने, वजन न देता. थोडीशी जागा घ्यायची, ती ऊबदार व्हायला लागली की सोडायची, कारण तापलं की मऊ रोगण ओढलं जातं. चोळायचं, टिपायचं, वाकून तिरप्या उजेडात बघायचं, पुढे सरकायचं. आधी पांढरा धूसर लेप, मग त्याखालून हळूहळू काळं. ऊन आणि ती अशी दोघं बॉनेटवर दोन बाजूंनी येत होती. शेवटचं टोक तिने धरलं तेव्हा ऊन तिच्या मनगटावर होतं. मग परत रिठ्याचं पाणी, तेलाचा अंश काढायला, कारण तेल राहिलं की धूळ चिकटते. परत साधं पाणी. टिपायला काकूंनी खुंटीवरचं कातडं स्वतः काढून दिलं. हो, स्वतः. मग जाऊन हात धुऊन आल्या, तो भाग वेगळा.

पुढच्या दाराची कडी वाजली.

काका आले ते सरळ अंगणात. उपरणं, काठी, कपाळावर देवीचा अंगारा. ऊन तोपर्यंत पूर्ण बॉनेटवर आलेलं. त्यांनी मोटारीला एक फेरा घातला, बॉनेटपाशी थांबले, खिशातून चष्मा काढला, घातला, आणि वाकले.

"ड्रायव्हर आला होता?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"मग इथे हात कोणाचा फिरलाय? उरलेल्या मोटारीपेक्षा बॉनेट जास्त काळं दिसतंय."

खरंच दिसत होतं. आमची चोरी कमी पडून नव्हे, जास्त होऊन पकडली गेली होती. ताईने काही बोलायला ओठ उघडले, पण काकू मध्ये आल्या.

"मी देव पुसायचा मुकटा फिरवला. कोरडा."

"कोरडा?" काकांचा आवाज प्रांतभर जाईल एवढा चढला.

"हो, कोरडा. सगळं जाळं झालं. मग हिने हात फिरवला."

"आज? पूजेआधी?"

"आज. पूजेआधी. आणि रोज पहाटे हीच फिरवते. ठाऊक नाही का तिकडे?"

काकांनी चष्मा काढला. उपरण्याने पुसायला गेले, आणि काय आठवलं कोण जाणे, आधी काचांवर तोंडाची वाफ सोडली, मग पुसला.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "ड्रायव्हर गोल पुसतो. सकाळी मी येतो तेव्हा पाण्याच्या रेघा सरळ असतात. डोळे मिटून सुभेपण नाही केलं मी." मग माझ्याकडे वळले. "काय पत्रकवाले, मोटारीला रोज तेल चोळतात असं लिहिलंत. मोटारीला तेल कोणी चोळत नाही. धूळ धरते. पुढच्या वेळी विचारून लिहा."

"लिहितो," मी म्हटलं. "ओरखड्यांचं लिहिलंय ते तरी बरोबर आहे का?"

ताईने डोळे मिटून घेतले. काकांनी माझ्याकडे बघितलं, बॉनेटकडे बघितलं, आणि म्हणाले, "ताम्हण आणा."

पूजेत पुन्हा एक खटका उडाला. काकू कुंकवाचं स्वस्तिक बॉनेटवर काढायला निघाल्या आणि काका ओरडले, "रंग धरेल ना! पितळेवर काढ, पुढच्या जाळीच्या पितळेवर." झेंडूचा हार दिव्याला अडकवला, रंगाला न टेकेल असा. शेवटी सगळ्यांनी फुलं वाहिली. ताई नेहमीप्रमाणे खांबाआड होती. "सूनबाई," काका म्हणाले, "फूल वाहा. तुझीच मेहनत आहे." तिने पुढे येऊन फूल ठेवलं. अलगद, देठ वर करून.

पण शब्द अजून दिला नव्हता. काका जेवले, मोटार घेऊन स्वारीला गेले. ताई भांडी घासत बसली, घासलेलीच. संध्याकाळी ते सीमोल्लंघन करून परतले, आम्ही एकेक करून पाया पडून आपट्याची पानं दिली. ताईने पान दिलं तेव्हा त्यांनी ते हातात धरून ठेवलं.

"दिवाळीनंतर म्हणालीस ना?"

"हो, मामंजी."

"जा. पण मला एक सांग." त्यांनी मागच्या अंगणाकडे मान केली. "मोटार कोण पुसणार?"

म्हणजे इतके दिवस अडलं होतं ते शास्त्रावर नव्हे, लोकांवर नव्हे, माझ्या पत्रकावर तर नव्हेच. सकाळी कॉलेजला जाणाऱ्या बाईच्या हाताला मोटार धुवायला वेळ कुठून मिळणार, यावर! मला संताप यायला हवा होता. आलाही, पण नंतर, घरी गेल्यावर. त्या क्षणी छातीवरून दगड उतरला होता आणि मला फक्त हसू फुटत होतं.

"मी पुसेन," काकू म्हणाल्या.

"तू? आणि बांगड्या?"

"बांधून घेईन."

दिवाळीनंतरच्या त्या सकाळी मी मुद्दाम गेलो. काकू अंगणात होत्या. कोपरापर्यंत बांगड्या वर सारलेल्या आणि त्यावर चिंध्या गुंडाळलेल्या, हात मोडल्यासारख्या. चिंध्या त्याच मुकट्याच्या होत्या, चिंब ओल्या. देव पुसायला नवा तुकडा फाडला होता म्हणे. बाजूला दोन बादल्या. हात सरळ चालला होता, जरा जास्तच सरळ, जीभ दातांत धरून.

ताई पाटी-पुस्तकं घेऊन निघाली. काका म्हणाले, "थांब, वाळू दे, मोटारीतून सोडतो. पहिला दिवस आहे."

"वाळेपर्यंत उशीर होईल, मामंजी," ती म्हणाली. "मी चालत जाते."

आणि बोळातून सरळ पुढच्या दाराकडे गेली. कोणी अडवलं नाही. दार उघडलं, रस्त्याचा उजेड आणि गलका आत आला, टांगेवाल्याची हाक आली. काकूंनी मान वर केली नाही. त्या बॉनेट टिपत होत्या.

"दार ओढून घे गं," त्या ओरडल्या. "धूळ येते."